कानापुढची कातडी

फेसलिफ्ट करून घ्यायचं मनात असेल तर पहिले काही दिवस आरसा मागू नका. मी मागितला. नर्सने दिला नाही, म्हणून भांडून मागितला. आरशात जी बाई दिसली तिला दुकानाच्या पायरीवर पाहिलं असतं तर मीच गल्ल्यातून काही काढून दिलं असतं. डोळ्यांच्या जागी दोन चिरा, गाल रात्रभर भिजवलेल्या चण्यासारखे, हनुवटीखाली जांभळं आणि पिवळं. डोक्याभोवती पट्टी, आणि कानामागून निघालेल्या दोन नळ्या. नळ्यांच्या टोकाला प्लास्टिकचे छोटे डबे, त्यात रक्ताचं पाणी.

हे सगळ्यांचं असंच दिसतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. सूज उतरते, रंग जातो, नळ्या निघतात. शेजारच्या खोलीतल्या बाईचंही असंच दिसत होतं आणि ती हसत घरी गेली. माझं पुढे वेगळं झालं. ते का झालं, हे सांगायला मी लिहायला बसले आहे. ऑपरेशन करा किंवा करू नका, हे सांगायला नाही.

मी का केलं

छत्तीसगडमध्ये, सुपेल्यात, माझं जुन्या मोटरी आणि पंपांचं दुकान आहे. जवळच्या रसमड्याचे कारखाने जुनं सामान काढतात. ते मी उचलते, कॉइल बांधून घेते आणि विकते. वडील भंडाऱ्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आले होते. त्यांनी मला शिकवलं, दुकान नाही दिलं. दुकान मी उभं केलं. सुरुवातीला कारखान्यांच्या गेटबाहेर मजुरी करणाऱ्या रेजा बायकांबरोबर बसून लोखंडाचे तुकडे वेचून विकत घ्यायची. आज बाजार मला मेश्राम बाई म्हणतो आणि माझ्याशी भाव करायला येताना दोनदा विचार करतो.

म्हणजे, करत होता. मध्यंतरी माझं पित्ताशय बिघडलं. कावीळ, मग ऑपरेशन, मग महिनोन्‌महिने भाताची पेज. अंग अर्धं झालं. पुढे अंग भरलं, पण चेहरा भरला नाही. गालाची कातडी सैल होऊन जबड्यावर लोंबायला लागली, तोंडाच्या कडा खाली ओढल्या गेल्या. मी हसत असले तरी रडून आल्यासारखी दिसायची.

ज्यांनी कधी सौदा केला नाही त्यांना हे कळणार नाही. समोरचा आधी तुमचं तोंड वाचतो, माल नंतर बघतो. थकलेलं तोंड दिसलं की त्याला वाटतं, हिला विकायची घाई आहे. रसमड्याचा एक ठेकेदार, ज्याला मी वर्षानुवर्षं नाचवला होता, तो एक दिवस खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला, "बाई, अब दुकान बेटी को दे दो. आराम करो." आणि असा भाव बोलला की मी हातातला चहा त्याच्या बुटांवर सांडला. चुकून नव्हे.

घरी सांगितलं तेव्हा नवरा पेपर वाचत होता. प्लांटमधून रिटायर झालेला माणूस, शब्द जपून वापरतो.

"तुले कोणी काही म्हणलं का?"

"म्हणायची वाट पाहू का?"

"मले तर चांगलीच दिसतेस."

"तुमच्याशी मले मोटर नाही विकायची."

माझी मुलगी प्रज्ञा शाळेत शिकवते. तिचं मराठी दोन वाक्यांनंतर संपतं. ती म्हणाली, "मम्मी, तू पचपन की है, पचपन की दिखती है. इसमें शरम काय आहे?"

"एक दिवस दुकानात बस. मंग सांग मले शरम काय आहे ते."

लोकांना वाटतं बायका हे नटण्यासाठी करतात. करत असतील, त्यांचा प्रश्न. मी दुकानाचं शटर रंगवून घेतलं त्याच हिशोबाने चेहरा करून घ्यायला गेले.

डॉक्टरशी बोलणं

रायपूरचे डॉक्टर तरुण, हुशार आणि घाईत असलेले होते. त्यांनी माझ्या गालावर पेनाने रेघा काढल्या, कुठे कापणार ते दाखवलं. कानापुढून खाली, पाळीला वळसा घालून मागे, आणि तिथून केसांत. कातडी सुटी करायची, ओढायची, जास्तीची कापून शिवायची. व्रण कानाच्या घडीत लपतो. "किसी को पता नहीं चलेगा," ते म्हणाले.

मी जिथे जाते तिथे घासाघीस करते, तिथेही केली. त्यांनी सांगितलेल्या विश्रांतीतून मी एक आठवडा कमी करायला लावत होते.

"मैडम, ये भाजी नहीं है," ते म्हणाले.

"भाजीवाला तो मान जाता है, डॉक्टर साहब."

ते हसले. मला माणूस आवडला. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरं बोलणार नाही.

त्यांनी बरंच विचारलं. बीपी, शुगर, दम लागतो का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. सांधेदुखीची गोळी बंद करायला सांगितली, तिने रक्त पातळ होतं म्हणून. मी सकाळी लसूण खाते म्हटलं, तर लसूणही बंद. मग म्हणाले, "सिगरेट? तंबाकू? गुटखा?"

मला राग आला. माझ्या दुकानात गुटखा खाऊन कुणी पाय ठेवू शकत नाही. शटरला पिचकारी मारली म्हणून मी एका कारागिराला हाकलून दिलं आहे. मी म्हटलं, "मैं ऐसी औरत दिखती हूँ?"

"पूछना पड़ता है. चमड़ी का सवाल है."

"नहीं. कुछ नहीं."

प्रज्ञा शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही. तिलाही सुचलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मी लसूण सोडला, गोळी सोडली. गुडघे धरून जिने चढले. सांगितलेली एकही गोष्ट मोडली नाही.

पहिले दिवस

दुखणं तुम्हाला वाटतं तेवढं नसतं. ताण असतो. कुणीतरी मागून मानेची कातडी मुठीत धरून ठेवली आहे आणि सोडत नाही, असं सतत वाटतं. कानाची पाळी बोटांना लागते, पण पाळीला बोट लागत नाही. झोपायचं ते पाठीवर, उशा लावून, मान न वळवता. घास चावता येत नाही. नवरा घरून डाळीचं पाणी गाळून आणायचा आणि चमच्याने द्यायचा. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला भरवलं. अर्धं पट्टीवर सांडायचं.

"तोंड उघड ना जरा."

"उघडत नाही," मी दातांतल्या दातांत म्हणायची.

"बरं झालं. घरात शांतता आहे," तो म्हणाला. मला हसू आलं, टाके ओढले गेले आणि डोळ्यांतून पाणी आलं. तो घाबरून नर्सला बोलवायला पळाला.

ज्यांचा स्वभाव माझ्यासारखा आहे त्यांना एक सांगते. या ऑपरेशनानंतर ओरडता येत नाही. डॉक्टर सांगतात, बीपी वाढलं तर आत रक्त साचेल. सूप गार आणलं, ओरडता येत नाही. शेजारच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावला, ओरडता येत नाही. संताप जिभेपर्यंत येतो आणि शिवलेल्या चेहऱ्यामागे बसून राहतो.

बेसिनपाशी

आता ती गोष्ट.

आमच्याकडे छत्तीसगडमध्ये सकाळी बायका गुडाखू घासतात. पुरुषही घासतात, पण बायका जास्त. छोटी गोल डबी असते, आत गुळासारखा काळा मऊ लगदा. बोटावर घ्यायचा, दात आणि हिरड्यांवर घासत बसायचं, थुंकायचं, चूळ भरायची. डोकं हलकं होतं, पोट साफ होतं. मी कारखान्यांच्या गेटबाहेर बसायची तेव्हा रेजा बायकांनी पहिल्यांदा माझ्या बोटावर ठेवला. भूक मारायला बरा असतो, म्हणाल्या. तेव्हापासून माझी सकाळ त्याच्याशिवाय झाली नाही. दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा, आणि माल उचलायला उन्हात उभं राहायचं असेल तर मध्ये एकदा.

आम्ही त्याला नशा म्हणत नाही. आम्ही त्याला मंजन म्हणतो. "दात घासून येते," असं म्हणतो. ज्या घरात विडी ओढणाऱ्याला ओसरीवर बसवतात, त्या घरची सासू आणि सून एकाच डबीत बोट घालतात. त्यात तंबाखू असते, हे डबीवर लिहिलेलं असेल. मोटरीवरची पाटी मी चष्मा लावून वाचते. मंजनाची डबी कोण वाचतं?

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी यायला सांगितलं होतं, पाणीसुद्धा नाही. मी पाणी घेतलं नाही. निघण्याआधी दात घासले.

आणि हॉस्पिटलात डबी माझ्या टूथब्रशशेजारी, बेसिनवरच्या काचेच्या फळीवर होती. पिशवीत नाही, उशीखाली नाही. उभं राहता यायला लागलं त्या सकाळी मी भिंत धरून बेसिनपाशी गेले. तोंड नीट उघडत नव्हतं, म्हणून ओठ बाजूला करून करंगळीने घासत होते. तेवढ्यात खोली पुसायला आया आली. दुर्गकडची, माझ्याच वयाची. मला वाटलं, उभी का राहिलीस म्हणून ओरडेल. तिने फळीकडे पाहिलं आणि पदराआडून हसली.

"बाई, थोरकिन महूँ ला दे न."

मी डबी पुढे केली. आम्ही दोघी त्या बेसिनपाशी उभ्या राहून घासत होतो, मी पट्टी बांधलेली, ती हातात पोछा घेऊन. तिने विचारलं, कसलं ऑपरेशन. मी म्हटलं, चेहऱ्याचं. "दुखथे?" "नाही, ओढतंय." तिने मला खांद्याला धरून पलंगापर्यंत आणलं. त्या सगळ्या दिवसांतली ती माझी सगळ्यात बरी सकाळ होती.

रोज नर्स त्या फळीवरून माझा ब्रश उचलून द्यायची. डॉक्टर त्याच बेसिनमध्ये हात धुवायचे.

रंग बदलला

ड्रेसिंग उघडताना डॉक्टर बोलत असायचे. रायपूरचं ट्रॅफिक, त्यांच्या मुलाची परीक्षा, काहीही. त्या दिवशी उजव्या कानाची पट्टी काढली आणि ते मधेच गप्प झाले. मी माणसांच्या गप्प होण्यावर पोट भरते. कोण भाव पाडायला गप्प झाला आणि कोण मालातली खोट पाहून, हे मला कळतं.

"क्या हुआ?"

त्यांनी बोटाने दाबून पाहिलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मला काही लागत नव्हतं. दुसरीकडे गेले. डाव्या कानामागेही तसंच, जरा कमी.

"यहाँ खून ठीक से नहीं पहुँच रहा. चमड़ी का रंग अच्छा नहीं है."

त्या वेळी तो जांभळा होता. पुढे काळा झाला. ओढून शिवलेल्या कातडीला रक्त आधीच कमी मिळतं, काठाला सगळ्यात कमी. तेवढंही मिळालं नाही तर काठ मरतो. माझ्या शरीराचा एक तुकडा माझ्या कानापुढे मरत होता आणि मला तो दुखतही नव्हता.

"कितना जाएगा?" मी विचारलं.

"अभी नहीं बता सकते."

"अंदाज?"

"मैडम, सच में नहीं बता सकते. हो सकता है यहीं रुके. हो सकता है गाल पर आगे आए."

आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस आकडा बोलत नव्हता आणि मी त्याला बोलायला लावू शकत नव्हते.

मग त्यांनी पुन्हा विचारायला सुरुवात केली, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. सिगरेट? नाही. घरात कुणी ओढतं? नाही. बीड़ी, खैनी, ज़र्दा? नाही, नाही, नाही. त्यांचा आवाज चढत होता, माझाही, जितका चढू शकत होता तितका. नवरा खाली मान घालून बसला होता. प्रज्ञा खिडकीशी होती. ती अचानक म्हणाली, "मम्मी... गुडाखू?"

डॉक्टर माझ्याकडे वळले.

"गुडाखू करती हैं आप?" डॉक्टर म्हणाले. "कब से?"

उत्तर प्रज्ञाने दिलं. "हमेशा से. सुबह भी किया होगा."

डॉक्टरांनी हातमोजे काढून ट्रेमध्ये टाकले. माझ्या नवऱ्यासमोर, मुलीसमोर, नर्ससमोर ते म्हणाले, "आपने हमसे छुपाया. इतनी बड़ी बात छुपाई. अब इसमें हम क्या करें?"

माझ्या धंद्यात माल वाईट निघाला तर लोक परत येऊन भांडतात, पण मेश्राम बाई खोटं बोलली असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मला उठून त्या बेसिनकडे बोट दाखवायचं होतं. लपवायचं असतं तर ब्रशशेजारी ठेवली असती का? तुम्ही हात धुवून राहिले होते तिथं! तोंड उघडलं आणि उजव्या बाजूला काहीतरी करकचलं. आवाज फुटला नाही, लाळ गळली. नवऱ्याने रुमाल लावला.

डॉक्टर गेल्यावर मी मुलीकडे वळले.

"कावून बोलली तू मधात?"

"डॉक्टर पूछ रहे थे ना. झूठ बोलूँ?"

"मी खोटी बोलली का? मी?"

"मैंने ये कब कहा?"

"त्यानं म्हणलं. तू त्याच्या हातात दिलं."

ती बाहेर गेली. मी तिच्याशी बोलणं बंद केलं.

घरी, वैशाली नगरात

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते की काळी कातडी लगेच कापत नाहीत. वाट पाहतात. मेलेलं कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं ते शरीराने ठरवेपर्यंत थांबावं लागतं. रोज मलम, रोज पट्टी. कडा सुटायला लागल्या की वास येतो. तो वास उशीला येतो, केसांना येतो. घरातले आला नाही असं दाखवतात, तेव्हा जास्त येतो.

त्याच दिवसांत गुडाखू सुटला. नवऱ्याने घरातल्या डब्या शोधून फेकल्या. देव्हाऱ्यासारखी जपलेली माझी कोपऱ्यातली फळी रिकामी झाली. डोकं ठणकायचं, पोट दगड व्हायचं, तोंडात दुसऱ्याचेच दात बसवल्यासारखं वाटायचं. मी चहाचा कप भिंतीवर फेकला. भात कच्चा आहे म्हणून फेकला, भात कच्चा नव्हता.

एकदा कपाटात थंडीच्या स्वेटरच्या खिशात एक डबी सापडली, अर्धी भरलेली. झाकण काढलं. वास आला आणि हात आपोआप आत गेला. बोट हिरडीपर्यंत नेलं. समोर कपाटाचा आरसा होता. त्यात काळा तुकडा दिसत होता, कानापासून गालाच्या दिशेने, वाळलेल्या आमसुलासारखा. डॉक्टर म्हणाले होते, हो सकता है आगे आए. मी बोट साडीला पुसलं. साडी खराब झाली. डबी संडासात रिकामी केली आणि पाणी ओतत राहिले. पुढे नवऱ्याने विचारलं, साडीला काय लागलं. "ग्रीस," मी म्हटलं. हे मात्र खोटं होतं.

ड्रेसिंगला रोज जवळच्या दवाखान्यात जावं लागायचं. प्रज्ञा शाळेतून येऊन स्कूटर काढायची, मी मागे बसायची. एक शब्द नाही. स्कूटरवर न बोलणं सोपं असतं, वाऱ्याचं निमित्त असतं. दवाखान्यात ती माझ्या शेजारी उभी राहायची. ड्रेसिंग करताना मी काहीतरी पकडायला हात लांबवायची. तिथे टेबल असायचं. एकदा टेबल सरकवलेलं होतं, हातात तिचा हात आला. दोघींनीही सोडला नाही. बोललो तरीही नाही.

डॉक्टरांबद्दल खरं सांगायचं तर त्यांनी टाळलं नाही. फोन केला की उचलायचे. एकदा रविवारी खास हॉस्पिटलात येऊन मेलेला भाग स्वतः साफ केला. पण प्रत्येक वेळी जाता जाता म्हणायचे, "आपने बता दिया होता तो..." आणि वाक्य सोडून द्यायचे. सोडलेलं वाक्य मी घरी घेऊन यायची.

काळं तिथेच थांबलं. गालावर पुढे आलं नाही. कडेने गुलाबी दिसायला लागलं तेव्हा दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "ये अच्छा है, ये नई चमड़ी है." परतताना स्कूटर सिग्नलला थांबली. प्रज्ञा मागे न वळता म्हणाली, "मी नसती बोलली तर तू रोज घासत राहिली असती, मम्मी. पूरा गाल जाता."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी ते बोलून दाखवलं नाही.

"हिरवा झाला. गाडी काढ," मी म्हटलं.

तिने काढली. पण त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो. भाजी कोणती, पट्टी संपली, असं.

दुकानात

बाजाराला मी नागपूरला भाच्याकडे गेल्याचं सांगितलं होतं. परत आले ती चेहऱ्याला स्कार्फ बांधून. आमच्याकडे उन्हासाठी स्कूटरवरच्या सगळ्याच मुली डोळ्यांपर्यंत बांधतात, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. दुकानात बसूनही सोडला नाही. धूळ सहन होत नाही म्हटलं.

तो ठेकेदार आला. मोटरींचा एक लॉट होता. त्याने भाव बोलला आणि माझ्याकडे पाहिलं. पाहायला फक्त डोळे होते. मी काही बोलले नाही, कारण जबडा दुखत होता. तो थांबला, मग स्वतःहून वर गेला. मी अजूनही गप्प. पुन्हा वर गेला. मला पाहिजे होतं त्याच्यापुढे गेला.

तो गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन बसले. जे सुधारायला मी कापून घेतलं, ते झाकल्यावर सौदा जमला. एक चौकोनी कापड पुरलं असतं. मी रडले. टाके नव्हते, ओढलं गेलं नाही, त्यामुळे थांबवायला काही कारणही नव्हतं.

शेवटची भेट

आज उजव्या कानापुढे दोन बोटं रुंद चकाकता पट्टा आहे, गुलाबी, जरा खोलगट. तिथे जाणीव नाही. डावीकडचा केसांत लपतो, उजवा लपत नाही. बाकीचा चेहरा खरंच चांगला झाला आहे, आणि हे सांगताना मला जास्त राग येतो.

शेवटच्या तपासणीला मी ठरवून गेले होते. प्रज्ञाने रजा घेतली होती. डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले, काही काळाने हा व्रण छोटा करता येईल.

"वो बाद में," मी म्हटलं. "पहले ये बोलो कि मैंने छुपाया नहीं."

"देखिए, मेडिकली वो तंबाकू ही है."

"आपको मालूम था वो तंबाकू है. मुझको मालूम था वो मंजन है. पूछने का काम किसका था?"

"हमने पूछा था, मैडम. तंबाकू पूछा था."

"डबी आपके बेसिन पर रखी थी."

त्यांनी घड्याळ पाहिलं. ते वाईट नव्हते, थकलेले होते. "आपकी तकलीफ़ मैं समझता हूँ," म्हणाले. हे वाक्य मीही गिऱ्हाइकांना म्हणते, पंप परत घ्यायचा नसतो तेव्हा.

चूक माझ्या बोटाने झाली, ते मी मानते. खोटं मी बोलले नाही, ते त्यांनी मानलं नाही. तिथेच ते राहिलं. मी स्कार्फ बांधून बाहेर आले.

बाहेर काउंटरवरची मुलगी एका नव्या पेशंटची माहिती लिहीत होती. खेड्यातली बाई, माझ्यापेक्षा लहान, सोबत नवरा. गळ्यावर जळल्याची जुनी खूण, कातडी आकसून हनुवटी खाली ओढलेली. तिला मान वर करता येत नव्हती. तिचीही कातडी सोडवून नवी लावायची असणार.

"बीपी? शुगर?"

"नहीं."

"तंबाकू, सिगरेट, गुटखा?"

"नहीं, नहीं," नवरा म्हणाला. बाईने लाजून मान हलवली.

मुलीने पुढचं विचारायला तोंड उघडलं.

"गुडाखू?" मी माझ्या जागेवरून म्हटलं. जरा मोठ्याने निघालं. प्रज्ञाने माझा हात धरला, "मम्मी, चल."

बाईने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तिच्या दातांच्या फटी काळ्या होत्या. "ओ तो मंजन ए, दीदी."

मी मागे हात नेऊन स्कार्फची गाठ सोडायला लागले. बोटं अडकत होती. प्रज्ञाने माझा हात बाजूला केला आणि गाठ तिने सोडली. स्कार्फ घडी करून आपल्या हातात धरला. मी त्या बाईच्या समोर जाऊन उभी राहिले, उजवा कान पुढे करून, तिला मान वर करायला लागू नये म्हणून जरा वाकून.

तिने पाहिलं. मग हात उचलला आणि एका बोटाने त्या पट्ट्याला स्पर्श केला. मला लागलं नाही.

"एकर से?" तिने विचारलं. याच्यामुळे?

"हव," मी म्हटलं.

तिचं बोट तसंच राहिलं. तिचा नवरा काउंटरकडे बघत होता. काउंटरवरच्या मुलीने पेन पुन्हा उचललं होतं.

"गुडाखू," तिने त्या बाईला विचारलं, "दिन में कितनी बार?"